लेखराजचं शेवटचं गाव

"लेखराज गेला," एवढंच तो लॉरीवाला म्हणाला आणि मी सहज विचारलं, "आज कुठे?" रविवार होता. रविवारी लेखराज कुठेतरी गेलेलाच असायचा... लॉरीवाल्यानं मागे बोट केलं, तेव्हा माझं लक्ष गाडीकडे गेलं. मागे कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर लेखराजची सायकल आडवी ठेवलेली होती आणि तिच्याशेजारी घोंगडीखाली कोणीतरी निजलं होतं. उशाशी एक अनोळखी शेतकरी मांडी घालून बसला होता. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण आपण तो प्रश्न विचारला, हे अजून मनातून जात नाही.

आम्ही दोघे पिंपरीच्या एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या यंत्रांवर कामाला होतो. मी चिंचवडचा. तो फाळणीनंतर सिंधमधून आलेला, निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत बायको गोपीबरोबर राहणारा. चाळिशीचा, काटक, कधी साधा खोकलाही नाही. सुट्टीच्या दिवशी इतर लोक पुण्याला सिनेमाला जात, हा सायकल काढून चाकणच्या बाजाराला जाई आणि बैलगाड्या सोडून बसलेल्या शेतकऱ्यांना विचारी, "तुमच्या गावात असं काय शिजतं, जे इथे चाकणात मिळत नाही?" माणसं आधी हसत, मग सांगू लागत आणि शेवटी जेवायलाच बोलावत. पुढच्या रविवारी लेखराज त्या गावात हजर. कुणाकडे हुलग्याचं माडगं प्यायला, कुणाकडे शेंगोळे खायला. जुन्नरकडच्या एका गावात त्याला मासवडी वाढली, तर यानं वडी उलटीपालटी करून काटा शोधला. ती तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी असते, मासा नावापुरताच, हे कळल्यावर घरातली बायकामाणसंही पदर तोंडाला लावून हसली म्हणे. आणि हा कुठे रिकाम्या हातानं जात नसे. गोपीनं भाजलेली कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, फडक्यात बांधून नेई आणि म्हणे, "हे आमच्याकडचं. तुम्ही पण चाखा."

एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, फिरायचंच तर महाबळेश्वर बघ, माथेरान बघ." तो म्हणाला, "भाऊ, तिकडे सगळेच जातात. माझं गाव आता दुसऱ्या देशात राहिलं. इथे राहायचं, तर इथली माणसं काय खातात ते कळायला नको?" 

त्या रविवारी तो भामा नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटातल्या एका वाडीत गेला होता. उशाशी बसून आलेला शेतकरी, धोंडिबा, त्याच घरचा. त्याच्या बायकोनं, पारूबाईनं, शेवळाची भाजी केली होती. पावसाच्या तोंडावर रानात उगवणारी ही भाजी फार थोडे दिवस मिळते आणि काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा खाजतो. "पोटभर जेवला," धोंडिबा सांगत होता, "हात धुतला, खांबाला टेकून बसला. 'बाई, पुढल्या साली पुन्ना येणार' म्हणला आन् मान कलली." चाकणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय बंद पडलं. लॉरी बराकीपाशी नेली, तेव्हा गोपीनं ते ऐकलं आणि ती रडलीसुद्धा नाही. नुसती सायकलचं हँडल धरून उभी राहिली.

बाराव्याला धोंडिबा पुन्हा आला. बराकीच्या दाराशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "डाक्टर काय बी सांगू दे, वाडी ऐकत न्हाई. शेवळानं माणूस मारला म्हणत्यात. आमच्या घरचं पाणी बी कोण घेत न्हाई. पारू चूल पेटवंना झालीय." गोपी आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "भाईसाब, मला तिकडे न्या." तिच्या नात्यातल्या बायकांनी नको नको म्हटलं. तिनं पायात चप्पल घातलीही होती.

एसटीनं चाकण, तिथून पुढे बैलगाडी. आम्ही पोचलो तेव्हा पारूबाई दारात आली आणि गोपीला बघून जागच्या जागी खाली बसली. गोपी तिच्याजवळ गेली. मराठी तिला जेमतेम येत होतं. "तीच भाजी करा," ती म्हणाली.

"न्हाई बाई. माझ्या हातानं आता न्हाई व्हायचं."

"त्यांनी खाल्ली. मी पण खाणार."

मी चाट पडलो. शेवळं संपत आली होती. धोंडिबा रानात जाऊन थोडी घेऊन आला. चूल पेटली तसं अंगणात माणसं जमू लागली. कुणी आत येईना. काकडं सोलताना पारूबाईच्या हातून दोनदा खाली सांडली. गोपी पडवीत त्याच खांबाजवळ जेवायला बसली, मीही बसलो. खोटं कशाला सांगू, पहिला घास मी गोपीनं गिळल्यावरच घेतला. गोपी मात्र शांतपणे जेवत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिनं ते पुसलं नाही. पानातलं संपल्यावर पारूबाईकडे बघून ती म्हणाली, "अजून घाला."

पारूबाईनं वाढलं.  मग शेजारच्या घरची म्हातारी काठी टेकत पायरी चढून आली, गोपीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "पारे, मला बी वाढ."

पारूबाई भाजीचं भांडं तसंच हातात धरून मोठ्यानं रडू लागली. म्हातारीनं स्वतःच पळी घेतली आणि पानात भाजी वाढून घेतली.