मुंगसाला हात जोडणारे शहाजीराव

शहाजीराव, तुमच्यावर लिहायचं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, "त्यात काय लिहिताय बाई, माणूस सशाच्या लेंड्या काढत बसला होता!" बसला होतात खरे. पण तुमचा थकवा मी वरच्या गॅलरीतून रोज पाहिलाय, म्हणून लिहिते. गोष्टीत मीही येते. तिथे स्वतःला नुसतं जयमालाबाई म्हणते, म्हणजे मधेमधे तोंड घालणार नाही.

तर शहाजीराव. साताऱ्याकडचे, गोदीत कारकुनी करून निवृत्त झालेले, बायको गेलेली. खांदेश्वरला तळमजल्यावर जागा. मागच्या दाराबाहेर फरशीचा तुकडा, वर पत्रा, आणि कुंपणापलीकडे थेट नाल्यापर्यंत रान माजलेलं. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये जावयाची नागपूरला बदली झाली. नात क्षिप्रा जाताना दोन ससे आजोबांच्या गळ्यात मारून गेली. पांढऱ्याचं नाव खडू, राखाडी तो डस्टर.

"मे महिन्यात न्यायला येते. दोघांनाही सांभाळा हं. शप्पथ?"

"शप्पथ," म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांना त्या जनावरांचा मनापासून कंटाळा होता. उठल्यावर कोबीचा पाला शोधा, लेंड्या काढा, ओलं गवत बदला. घरात ठेवून पाहिले, तर फ्रिजची वायर कुरतडली. शेवटी बायकोचं जाळीचं कपाट आठवलं. इतकी वर्षं त्यानं दूध मांजरापासून राखलं, मग ससे का नाही राखणार? ते पत्र्याखाली आणलं, फळ्या काढल्या, गवत अंथरलं, कडी लावली. आणि सवयीनं चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या.

"अहो, मुंग्या सशाला काय करणार आहेत?" जयमालाबाईंनी वरून विचारलं.

"जाळीच्या कपाटाखाली वाट्या असतात बाई."

झालं. यावर पुढे बोलायची सोयच नाही.

उन्हं तापली तसं एक मुंगूस त्या वाट्यांवर पाणी प्यायला येऊ लागलं. सकाळी मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, हे शहाजीरावांच्या हाडीमाशी मुरलेलं. बायको तर हातातलं काम टाकून नमस्कार करायची. तेही करू लागले. वाट्या आटल्या की आपण होऊन भरू लागले.

"शहाजीराव, ते मांस खातं!"

"शुभ असतंय ओ. आणि मुंगूस आहे तिथं साप फिरकत नाही."

सशांच्या मुतानं कपाटाची खालची जाळी गंजून पापड झाली होती, ते मात्र कुणीच पाहिलं नाही. एका दुपारी शहाजीराव डुलकी काढून आले तर जाळीला ताटलीएवढं भोक. डस्टर कोपऱ्यात थरथरत होता. खडूचे पांढरे केस तेवढे कुंपणापर्यंत.

"माझ्या हातानं पाणी पाजलं त्याला," एवढंच बोलले.

त्या दिवसापासून झोप संपली. भोकाला पाटा टेकवलेला, समोर खुर्ची, हातात काठी. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, तेव्हा राखणही दिवसभर; रात्री मांजराच्या धास्तीनं डोळा लागेना. जेवण मांडीवर. डोळे तांबारलेले. जयमालाबाई ओरडल्या की एकच उत्तर: "हा पण गेला तर पोरीला काय सांगू?"

जाड तारेची जाळी हवी होती. ती कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळते. शहाजीरावांनी सुतळीनं कपाटाचं माप घेतलं, गाठी मारल्या.

"द्या इकडे, मी जाऊन येते."

"तुम्हाला बारीकच जाळी देतील. मला हातात घेऊन बघायला पाहिजे."

"मग तुम्ही जा. मी बसते राखणीला."

"तुम्ही पेपरात डोकं घालाल."

"मग दोघं जाऊ, ससा पिशवीत घालून!"

ते हसलेसुद्धा नाहीत. "रविवारी बघू," म्हणाले.

मे महिन्यात क्षिप्रा आली. डस्टरला उचललं, मग कपाटात डोकं घातलं.

"खडू?"

पळून गेला, म्हणता आलं असतं. जयमालाबाईंनी तर थाप तयारच ठेवली होती. पण शहाजीराव म्हणाले, "मुंगसानं नेला. त्या मुंगसाला मी पाणी ठेवत होतो."

पोरगी रडली, आजोबांशी बोलेना. संध्याकाळी मात्र जवळ येऊन म्हणाली, "आजोबा, तुमचे डोळे असे का झालेत?"

"काही नाही गं. बसून बसून."

डस्टर टोपलीतून नागपूरला गेला. शहाजीराव भरपूर झोपले. उठल्यावर वाट्या आत नेल्या, कपाट घासून धुतलं, आणि पुन्हा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले.

"आता कसली राखण?" जयमालाबाई म्हणाल्या.

"पुढच्या सुट्टीत ती डस्टरला घेऊन येणार म्हणतीय. जाळी लागंल."

"चला मग कळंबोलीला. आता तर ससाही नाही आडवा यायला."

"रविवारी बघू. जरा दमलोय."

रविवार पुष्कळ आले. गाठी मारलेली सुतळी कपाटाच्या कडीला लटकत राहिली, आणि ते दोघं कळंबोलीला काही गेले नाहीत.