हळदीच्या सुपातलं इंग्रजी

मी हट्ट्याहून, आमच्या गावाहून, निघाले त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि अंगणात हळद वाळत पडली होती. आई फाट्यापर्यंतसुद्धा आली नाही. "तू जाय माय, मला हळद झाकायची हाय," म्हणाली. ताडपत्री ओढताना तिची पाठ माझ्याकडे होती. जीपमध्ये बसल्यावर मला तिचा रागच आला.

आता मी लंडनजवळ राहते. इथे हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं, तेव्हा अर्धवट झोपेत मी त्या अंगणात जाऊन बसते. हवा पिवळी, आईचे तळवे पिवळे. लांब हळकुंडं एकीकडे, गोल गड्डे दुसरीकडे, अशी ती हळद निवडतेय. लहानपणी शाळेत नाउन-व्हर्ब सुरू झाले तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरेना. आईला तर इंग्रजीचा गंधही नव्हता. पण तिनं मला चिठ्ठ्यांवर शब्द लिहायला लावले. मी वाचून अर्थ सांगायचा, तिनं चिठ्ठी टाकायची. नावं या सुपात, कामं त्या सुपात. 'यलो' तिनं बेधडक कामांत टाकला. "पिवळं म्हंजे कामच की! कंबर मोडती." परीक्षेत मी तेच लिहिलं आणि बाईंनी लाल रेघ मारली. आई म्हणाली, "तुझ्या बाईनं कधी हळद काढली काय?"

माझी मुलगी इरा सहा वर्षांची आहे. तिला मराठी येत नाही. चूक माझीच, गावाकडच्यांनो, मी कंटाळा केला. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला की दोघींचं प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून जातं आणि बेचव होतं. या दोघी एकमेकींना कधी कळणारच नाहीत, ही भीती मला पोखरायची.

परवा इराला शाळेतून तोच नाउन-व्हर्बचा गृहपाठ होता. आईचा कॉल चालूच होता. तिला म्हटलं, "तू बघ जरा, मी भात लावते." इरा शब्द वाचून करून दाखवू लागली. उडी मारली, झोपेचं सोंग घेतलं. "काम!" आई ओरडली. चमचा दाखवला की "नाव!" मग इराही मराठीतच ओरडू लागली. मी समजावून सांगायला धावले, तर इरानं मला ढकलतच खोलीबाहेर काढलं. फोनमधून आई म्हणाली, "तू काहून मधी येऊन राहिली? आमचं चालू हाय ना!"

मी स्वयंपाकघरात परत आले तोवर भात करपला होता. पलीकडे दोघी पोट धरून हसत होत्या, कशावर ते मला कळलं नाही. थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू? पण गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच वाटलं, मी घरी आहे.