मोटरीच्या कपाळावरचं कुंकू

मोठी आई आज सकाळी गेली.

अर्धा कप चहा प्यायली, उरलेला फिका आहे म्हणून सुनेला नावं ठेवली, आडवी झाली आणि गेली.

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काकांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो. देऊळगाव राजातलं आमचं बालपण तिच्या हातचं खाण्यात आणि तिच्या शिव्या खाण्यात गेलं.

नव्वदी तिनं कधीच ओलांडली होती. त्यामुळे शॉक वगैरे काही नाही.

पण रडू आलं. खूप आलं.

मागे माझ्या सेकंडहँड स्कूटीचं ट्रान्सफर अडकलं होतं. कधी सर्व्हर डाऊन, कधी आधीच्या मालकाला ओटीपी येईना. मी फोनवर कुणावर तरी ओरडत होते. मोठी आई शेंगा सोलत ऐकत होती.

"काऊन बोंबलून राह्यली व?"

"अगं, गाडी माझ्या नावावरच होईना."

"आपली मोटर बी नव्हती होत. त्यापायी तुहे मोठे बाबा मरता मरता वाचले."

मी फोन ठेवला. त्या दिवशी तिनं सगळं सांगितलं.

तेव्हा वऱ्हाड नागपूरच्या सरकारात होतं, मध्यप्रांताला जोडलेलं. आमच्याकडे इंग्रजांचा कारभार आणि जालन्याच्या रस्त्यानं थोडं पुढे गेलं की निजामाची हद्द. मध्ये नाका.

मोठ्या बाबांनी चिखलीच्या एका शेटजींची जुनी मोटर विकत घेतली होती. चालवायचे माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे दीर. लायसन नवंकोरं, मिशीही तेवढीच नवी.

मोटर नावावर करायला बाबा बुलढाण्याला चकरा मारायचे. एकदा तिथले कारकून म्हणाले, शेटजींना हजर करा. शेटजींना नेलं तर साहेब दौऱ्यावर. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे तेव्हाही होतंच. मोटर आमच्या दारात आणि कागद शेटजींच्या नावाचा, असं चाललं होतं.

मोठी आई तेव्हा घरात नवीन सून. दर अमावास्येला ती मोटरीची पूजा करायची. लिंबू, नारळ, आणि नंबराच्या पाटीवर तेलात कालवलेलं कुंकू, पाची बोटांनी थापलेलं. त्यावर रस्त्याची धूळ बसायची, पुढच्या अमावास्येला वरून नवा थर.

"वहिनी, नंबर दिसत नाही न," बाबा म्हणायचे.

"तिचं कपाळ तेच हाय, भाऊजी. लक्ष्मीचं कपाळ उघडं ठेवू का?"



मग एक दिवस मोठ्या बाबांच्या पोटात भयंकर कळा सुरू झाल्या. ताप चढला. गावातल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, जालन्याला न्या, आत्ताच्या आत्ता, पोट फाडावं लागेल.

बाबांनी मोटर काढली. मागच्या सीटवर मोठे बाबा, त्यांचं डोकं मोठ्या आईच्या मांडीवर.

नाक्यावर शिपायानं अडवलं. कागद पाहिला.

"ये तो किसी सेठ का नाम है. गाडी तुम्हारी कैसी?"

बाबांनी सांगितलं, विकत घेतली, नावावर व्हायची आहे, आत पेशंट आहे. शिपायानं आत डोकावून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, कागदावरचा नंबर आणि गाडीचा नंबर एक असला तर सोडतो, नाहीतर उद्या चोरीची निघाली तर माझीच नोकरी जाईल.

मागची पाटी कधीच गळून पडलेली, आणि पुढच्या पाटीवर नंबर कुठे होता? नुसतं कुंकू.

बाबा रुमाल काढून खाली वाकले.

"थांबा भाऊजी!"

मोठी आई मोटरीतून उतरली. मागे नवरा कळांनी बेशुद्ध होत चाललेला, आणि आपल्या हातानं लावलेलं कुंकू पुसायचं. ज्या बाईला कुंकू सांडलं तरी दिवसभर घास उतरत नसे, तिला हे करायचं होतं.

"लावणारी मी. पुसीन बी मीच."

तांब्यातल्या पाण्यानं पदर ओला केला आणि घासायला लागली. थरावर थर, लवकर निघेना. नखांनी खरवडलं. बाबा सांगायचे, वहिनीचे ओठ सारखे हलत होते, देवाचं नाव होतं की आणखी काही, कळलं नाही.

नंबर दिसला. शिपायानं एकेक आकडा कागदाशी ताडून पाहिला.

"जाव बहन, जल्दी जाव."

ऑपरेशन झालं. मोठे बाबा वाचले.

मोटर पुढे कधीतरी नावावर झाली, मग जुनी होऊन विकलीही गेली. मोठे बाबा नातवंडांची लग्नं बघून, म्हातारे होऊन गेले.

त्यांच्या तेराव्याला मी तिथेच होते. पाहुणे जेवून उठले होते. मोठ्या आईनं बाबांना बाजूला बोलावलं.

"भाऊजी, नाक्यावर मी माह्या हातानं पुसलं व्हतं. त्याच्यानं तर नाही ना गेले हे?"

इतकी वर्षं! इतकी वर्षं ती हे पोटात घेऊन स्वयंपाक करत होती, आम्हाला शिव्या देत होती, हसत होती.

बाबा तसे कमी बोलायचे. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"वहिनी, दादा त्या दिवशीच जाऊन राह्यला व्हता. तुमी पुसलं म्हणून तो आपल्याले एवढी वर्षं भेटला."

नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती. तेव्हा रडली.

आता बाबाही नाहीत, आणि आजपासून तीही नाही. आमच्या घरात सगळ्यात घाबरट तीच होती, पालीलासुद्धा भ्यायची. आणि सगळ्यात धीराचं काम तिनंच केलं.

मोठी आई, शांत झोप. आम्हा सगळ्या पोरांचा तुला शेवटचा नमस्कार.