संपातले मासे

गिरणी चालू होती तेव्हा आमच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कोण कोणाचं ऐकणार? संप लागला आणि माणसं बोलायला लागली. त्यातून तिघं जण तलावाच्या काठी गळ टाकून बसली, की मासा मिळो न मिळो, किस्सा एखादा लागतोच.

तिघं म्हणजे मी, आबा परब आणि दत्ता. एकाच गिरणीत साचेवाले आणि घाटकोपरच्या डोंगरावर एकाच चाळीत राहणारे. आबा मालवणकडचे, वयानं मोठे. दत्ता चिपळूणचा, घरात तो आणि त्याची म्हातारी आई. संप लांबला, बाजारातला बांगडा परवडेना. मग असल्फ्यावरून साकीनाक्याला आणि तिथून पवईला चालत जायचं, वॉचमनची नजर चुकवून झाडीत बसायचं. गळाला लावायला कणकेची गोळी. ती मागितली की माझी बायको म्हणायची, "आधी पोरांना चपाती, मग तुमच्या माशांना."

*

पहिल्यांदा आबांना रोहू लागला. चांगला हातभर लांब. आबा चाळीत शिरले ते मिरवणूक काढल्यासारखे. त्यांच्या बायकोनं, काकींनी, मासा हातात घेतला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"ह्यां काय हाडलात? ह्यो चिखल."

जन्मभर खाऱ्या पाण्यातलं खाल्लेली बाई. तरी तिनं नेहमीसारखंच केलं. खोबऱ्याचं वाटण, तिरफळं, कोकम. चाळभर वास सुटला आणि आम्ही ताटं घेऊन बसलो. पहिला घास तोंडात गेला तर तळ्याचा गाळच खातोय असं वाटलं. मोठी माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली. पोरं मात्र खाली मान घालून जेवत होती. आबांच्या धाकटीनं तर काटे चोखून ओळीनं मांडून ठेवले.

काकी तिच्याकडे बघत बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या माशाला नावं ठेवली नाहीत. कण्याला चिकटलेलं काळं रक्त खरवडून काढायचं, तुकडे मीठ-हळद लावून चिंचेच्या कोळात ठेवायचे, लसूण दुप्पट घालायचा, हे त्या करून करून शिकल्या. चिखलाचा वास कमी झाला. गेला नाही. आम्हाला तो येईनासा झाला.

*

दत्ताला एकदा मरळ मिळाली. मरळ म्हणजे चिवट जात, पाण्याबाहेरही तास न् तास जगते. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली तरी घरी येईपर्यंत उसळत होती. संध्याकाळी मारू म्हणून दत्तानं ती मोरीतल्या बादलीत सोडली.

संध्याकाळी आई म्हणाली, "राहू दे आजचा दिवस." दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही जाऊन बघतो तर म्हातारी बादलीशी पाट टाकून बसलेली आणि माशाशी बोलतेय. चिपळूणचं घर, दत्ताचे वडील, राहिलेलं दत्ताचं लग्न. मरळ अधूनमधून वर येऊन तोंड उघडायची, तो म्हातारीला हुंकार वाटायचा.

दत्ता ओशाळला. "अगं आई, मासा आहे तो."

"मग? तू तरी कुठे बोलतोस? गिरणी बंद झाल्यापासून भिंतीकडे बघत बसतोस."

तीन-चार दिवस हे चाललं. मग एका सकाळी घरातले तांदूळ संपत आले. दत्ता बाहेरून आला तर म्हातारीनं हाताला चुलीतली राख चोळून मरळ पकडली होती आणि वरवंट्यानं डोकं ठेचून ती विळीवर बसली होती. राखेनं घासून घासून तिनं बुळबुळ काढली, तुकडे केले. दत्ताला बघवेना. म्हणाला, "आई, तू? तुझा जीव लागला होता ना?"

म्हातारी हात न थांबवता म्हणाली, "सगळं सांगून झालं होतं त्याला."

*

पुढच्या पावसाळ्यात आम्ही बसायचो त्या अंगालाच एक माणूस बुडाला. कोण, कुठला, पाय घसरला की स्वतःच गेला, काही कळलं नाही. दोन दिवस पाण्यातच होता. काढला तेव्हा आम्ही काठावर होतो. दत्ता तोंड फिरवून ओकला.

परत येताना आबा म्हणाले, "दहा दिस मासो बंद."

मी म्हटलं, "आबा, नाव माहीत नाही त्या माणसाचं. सूतक कोणाचं पाळायचं?"

"पाण्याचां," आबा म्हणाले.

मग पेज आणि मीठ. कुणी वाद घातला नाही. पण अकराव्या दिवशी माझ्या बायकोनं गळ आणून माझ्यासमोर ठेवला. "पाण्याचं सूतक फिटलं असेल तर आता पोटाचं बघा."

त्या दिवशी मला कटला लागला. बायको प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला जायची, त्यामुळे साफ करणं माझ्याकडे. पोट चिरताना मी डोळे मिटले आणि बोट कापून घेतलं. मग भीत भीत आत पाहिलं. शेवाळ होतं. सगळं उलटंपालटं करून बघितलं, शेवाळच होतं.

*

त्यानंतर दत्ताची आई आजारी पडली. औषधाला काही उरलं नाही आणि एका सकाळी दत्ता पोलिसांच्या गाडीतून गिरणीच्या गेटच्या आत गेला. कामावर चढला. चाळीतल्या कुणी त्याच्याशी भांडण केलं नाही. फक्त त्याच्याशी बोलणं बंद केलं.

एका रविवारी मी आबांकडे बसलो होतो. आबा मोरीत रोहू साफ करत होते. दत्ता दारात येऊन उभा राहिला. आबा खवलं काढत राहिले.

शेवटी आबाच म्हणाले, "बस. जेवन जा."

आबांचं मासा कापणं बघण्यासारखं असायचं. पोटाला छोटी चीर द्यायची, बोट आत घालून सगळं एका झटक्यात बाहेर. काळजाला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी तशीच्या तशी, अखंड निघायची. इतक्या माशांत त्यांच्या हातून ती कधी फुटली नव्हती.

काकींनी कालवण करून टोप आमच्यासमोर ठेवला आणि त्या पाण्याला गेल्या. आबांनी स्वतः तिघांना वाढलं. मी घास घेतला आणि जीभ आतल्या आत आकसली. कडू जहर. गिळवेना, थुंकवेना. मी आबांकडे पाहिलं. ते जेवत होते.

दत्ताही जेवत होता. काटा न् काटा सोडवून, बोटं चाटून. डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबला नाही. ताट स्वच्छ केलं.

"पित्त फुटलां," आबा ताटाकडे बघत म्हणाले.

"कळलं," दत्ता म्हणाला.

"आनी घेतंस?"

दत्तानं ताट पुढे केलं. "वाढा."

आबांनी टोप उचलला, उरलेला सगळा रस्सा स्वतःच्या ताटात ओतला आणि भात कालवायला घेतला.