कूलर किती पाणी पितो

कूलरच्या ओल्या गवताचा वास आला की ती बैठक आठवते. दुष्काळ होता, मुकुंदवाडीत आम्ही टँकरच्या पाण्यावर दिवस काढत होतो. कूलरवर वीजबचतीचे स्टार कसे छापायचे हे ठरवायला कारखानदार जमले होते, आणि ग्राहक म्हणून मलाही बोलावलं होतं. अधिकारी बाईंनी विचारलं, "ताई, कूलर घेताना काय बघता?" "पाणी किती पितो ते," मी म्हणाले, तर सगळे हसले. "अहो, इथं विजेचं चाललंय!" एक कारखानदार म्हणाला. माझे कान तापले. चहाच्या वेळी बाई मुद्दाम जवळ आल्या. "पाण्याचं परत सांगा ना, लिहून घेते." मी खाली बघत म्हणाले, "काही नाय मॅडम, चुकून बोलले." त्यांनी पेन बंद केलं. आजही दुकानात कूलरवर नुसते विजेचे स्टार दिसले, पाण्याचं काहीच लिहिलेलं नसलं की हसणाऱ्यांचा राग येत नाही, माझीच मला लाज वाटते.