दिवसपाळीलाच थांबणारा रोबोट

मी चौथी नापास. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे भाग कातणारा एक कारखाना आहे, तिथं मी आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केलं आणि म्हातारा झालो तरी करतो. आता घरी बसा म्हणणाऱ्याला मी उत्तरसुद्धा देत नाही.

आमच्याकडं एक रोबोट आला. कातलेला भाग मशीनमधून उचलायचा, वळायचं आणि लांबच्या कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये ठेवायचा, एवढंच त्याचं काम. बरेच दिवस गुमान चालला. मग दिवसपाळीला गारगोटीकडची एक पोरगी त्याच्यावर आली, आणि तो मधूनच थांबायला लागला. स्क्रीनवर लाल अक्षरं यायची, संपर्क तुटला. म्हणजे रोबोटच्या डोक्याचा निरोप त्याच्या पंजापर्यंत पोचेना. बटण दाबलं की परत चालू. कधी तासभर नीट, कधी दोन दिवस नीट. पण थांबायचा तो तिच्याच पाळीला.

फोरमन म्हणाला, "पायगुण, दुसरं काय! बाईला मशीनवर घेऊ नका म्हणून मी सांगतच हुतो."

सगळे हसले. ती हसली नाही.

पुण्याहून इंजिनिअर आला. सालस पोरगा. रोबोटभोवतीच्या जाळीच्या कुंपणाच्या आत जाऊन एकेक जोड तपासला. आत माणूस असला की रोबोट सावकाशच चालवायचा, असा नियम. तो दिवसभर सावकाश चालला, एकदाही थांबला नाही. इंजिनिअर गेला आणि दुसऱ्या दिवशी परत लाल अक्षरं. फोरमननं ठरवून टाकलं, सोमवारपासून पोरगी पॅकिंगला. घरच्यांशी भांडून ती हे काम शिकली होती. रोबोटवरनं उतरली, तर ते तिला गावी घेऊन जायला टपलेलेच होते.

मी म्हणालो, "ती न्हाय जायाची."

"मग फॉल्ट काय हाय ते सांगा की, काका."

"अर्थिंग हाय."

अर्थिंगचा खड्डा उकरला, कोळसा-मीठ घातलं, नवी पट्टी बसवली. दुपारी रोबोट परत थांबला. फोरमन म्हणाला, "आता जोतिबाला जाऊन गुलाल उधळून या, तेवढंच राहिलंय." चुकलो तर चुकलो. माझं अर्थिंग चुकलं म्हणून त्याचा पायगुण खरा होतो काय?

मी स्टूल टाकून रोबोटसमोर बसलो. तिची पाळी बघितली, तिच्यानंतरचीही बघितली. बसलो होतो वायर बघायला, दिसलं भलतंच. पुढच्या पाळीचा गडी आला आणि आल्या आल्या त्यानं वेग शंभर टक्क्यांवरनं साठावर आणला.

सकाळी पोरीला विचारलं, "तू कितीवर चालवतीस गं?"

"शंभरावर की काका. शिकवलंय तसं चालवतो."

"आणि बाकीचे?"

"मला काय माहीत?" असं म्हणून ती दुसरीकडं बघायला लागली. म्हणजे माहीत होतं. सावकाश चालवला की ट्रे उशिरा भरतो आणि तंबाखू मळायला सवड मिळते.

शनिवारी इंजिनिअर परत आला. मी सगळ्यांसमोर बोललो, "आज हिनं हात लावायचा न्हाय. फोरमन, तू चालव. कुंपणाबाहेरनं, शंभरावर."

"आणि काय आपटलं म्हंजे?"

"आपटू दे. कामाला आणलाय, पालखीत बसवायला न्हाय."

रोबोट पळायला लागला. अख्ख्या शेडमध्ये तो बंद पडावा असं दोघांनाच वाटत होतं, मला आणि तिला. आणि तो पठ्ठ्या चाललाय आपला! फोरमन मिशीत हसायला लागला. "बघा काका, बाई लांब हाय तर कसा खुशीत हाय!" जेवायची घंटा झाली. मी हललो नाही.

घंटेनंतर थोड्याच वेळात, ट्रेकडं हात लांबवताना रोबोट गपकन थांबला. फोरमनच्याच हाताखाली. लाल अक्षरं.

सवयीनं त्यानं बटणाकडं हात नेला. इंजिनिअरनं त्याचं मनगट धरलं. "चालू करू नका. आहे तसा राहू द्या." मग रोबोट हलू नये म्हणून त्याच्या बटणाला कुलूप घालून तो आत शिरला. हात लांबवताना पंजा वळलेला, त्याच्याकडं जाणारी वायर ताणलेली. ती त्यानं दोन बोटांनी जरा वाकवली, पंजावरचा दिवा लागला, सोडली, विझला. वरचं आवरण धड होतं, आत तार तुटली होती. सावकाश चालताना तुटकी टोकं एकमेकांना चिकटून राहायची, शंभराच्या हिसक्याला सुटायची. हे त्यानं शोधलं, मी नाही.

"काका, अर्थिंगचा यात काही संबंध नव्हता," तो म्हणाला.

"अर्थिंग बी खराबच हुतं," मी म्हणालो. आजही म्हणतो.

वायर बदलली. फोरमन म्हणाला, "चला, पोरीचा पायगुण सुधारला."

"पायगुण कसला? तुम्ही त्याला झोपवत हुता, ही एकटी राबवत हुती. म्हणून दुखणं हिच्याच पुढ्यात आलं. आता तो शबुद परत काढलास तर बघ."

इंजिनिअर जाताना सगळ्या पाळ्यांचा वेग शंभरावर कुलूपबंद करून गेला. तेव्हापासून गडी माझ्यावर खार खाऊन आहेत, चहाला हाक मारत नाहीत. नका मारू. सोमवारी पोरगी रोबोटवरच होती. मी माझा चहा तिथंच कुंपणापाशी उभा राहून प्यालो, आणि अजून तिथंच पितो.