गूळअण्णांची साखर

गूळअण्णांविषयी लिहायचे मी इतकी वर्षे टाळले. बाजारातली जुनी माणसे अजून सांगतात, की आयुष्यभर गूळ चाखला म्हणून अण्णांची नजर गेली. ते खरे नाही. खरे काय ते मला ठाऊक आहे, आणि ते सांगू शकेल असा मी एकटाच आहे.

अण्णा कोल्हापूरच्या गूळबाजारात एका अडत दुकानात गुळाची पारख करायचे. गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कपचा काढून उन्हाकडे धरायचे, जिभेला लावायचे आणि थुंकून टाकायचे. मधुमेह निघाल्यापासून त्यांनी गुळाचा खडा कधी गिळला नाही. नव्वदच्या दशकात उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू वाढला आणि त्यांना सारे उंची गुळासारखे पिवळसर दिसू लागले. "सगळाच गूळ एक नंबर दिसाय लागलाय मास्तर," ते मला म्हणाले. "शेतकरी खूश हायत, मालक रडतोय."

मी तेव्हा कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत होतो. मधुमेह आणि वयाचा मोतीबिंदू दोन्ही असलेल्यांच्या रक्तात पेशींना जपणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, कमी पडतात का, हे मी तपासत होतो. त्यासाठी डोळ्यांच्या दवाखान्यात रुग्णांचे रक्त तपासायचो; तिथेच अण्णा भेटले. लोखंड गंजते तसे ऑक्सिजनमुळे डोळ्यातले भिंगही बिघडत जाते आणि ही विकरे तो गंज थोपवतात, असे मी अण्णांना समजावले होते. तेव्हापासून डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्यांना ते धीर देत, "भिऊ नगा पावणं, मास्तर नुसता गंज मोजत्यात."

रविवारी मी स्कूटरवरून कसबा बावड्याला त्यांच्या खोलीवर जायचो. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. स्वतः बिनसाखरेचा चहा घेत, पण माझ्या कपात न विचारता साखर घालत. "तुमच्यापुरतीच आणून ठेवलीय. तुम्ही न्हाय आलासा की मुंग्या खात्यात."

डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवले आणि त्याआधी साखर तपासायला अण्णांना माझ्याकडे पाठवले. साखर ठीक होती. पण माझ्या चाचणीची रसायने मुंबईहून यायची होती, रक्त ऑपरेशनच्या आधीचेच हवे होते आणि काढून ठेवले तर ते टिकणार नव्हते. अण्णांसारखा नमुना मला सोडवेना. मी म्हणालो, "अण्णा, साखर जरा जास्त आहे. उतरली की करू." डॉक्टरांनाही तेच कळवले.

त्यांनी एक शब्द विचारला नाही. गूळ जिभेला लावणेही सोडले. भाकरी आणि मेथीवर राहिले, भेटेल त्याला म्हणत, साखर उतरवतोय. रसायने येणे लांबत गेले. तोवर मोतीबिंदू फुगला, डोळ्यातला दाब चढला. एका सकाळी ते डोके धरून कळवळत असताना त्यांना दवाखान्यात आणले, पण तोवर उजव्या डोळ्याची नजर गेली होती. डाव्या डोळ्याचा पडदा मधुमेहाने आधीच खराब केला होता. त्या डोळ्याला समोर माणूस उभा आहे एवढे कळे, गुळाचा रंग कळत नसे. काम सुटले.

मालक भेटायला आले तेव्हा अण्णा खाटेवरून म्हणाले, "जन्मभर जीभ लावत हुतो की. माझंच चुकलं." मी पायथ्याशी उभा होतो. नंतर माझे रविवारही बंद झाले.

पुढे काही वर्षांनी त्यांचा पुतण्या रस्त्यात भेटला. म्हणाला, काका उंबऱ्यावर बसून असतात, स्कूटर वाजली की विचारतात, मास्तर आलं काय. त्याच संध्याकाळी मी गेलो. सगळे सांगायचे असे ठरवूनच गेलो होतो.

अण्णांनी चाचपडत चहा केला. डबा शोधून माझ्या कपात साखर घातली. ती ओलसर होऊन तिचे गोळे झाले होते. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "मास्तर, माझा गंज किती निघाला? तेवढं र्‍हायलंच बघा."

डोळा गेल्यावर त्यांचे रक्त माझ्या कामाचे उरले नव्हते. गंज मोजायला मी ते घेतलेच नव्हते. तरी म्हणालो, "फार नव्हता."

"व्हय? मग जिभेनंच घात केला म्हणायचा," ते म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी चहा संपवला आणि उठलो. त्यानंतरच्या हिवाळ्यात अण्णा गेले. त्या गोड चहाच्या घोटाबरोबर जे गिळले, ते एवढेच होते: अण्णा, तुमची साखर ठीक होती. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा.